'टेन फ्रीडम समर्स': नावं काढली तर काय उरतं?

नमस्कार,

तुमचा आक्षेप थेट आहे, तुमच्याच म्हणण्यानुसार तो असा: अमेरिकन ट्रम्पेटवादक आणि संगीतकार वाडाडा लिओ स्मिथ यांच्या 'टेन फ्रीडम समर्स' या चार सीडींच्या संग्रहाची (२०१२) वाहवा झाली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीच्या विषयामुळे. रचनांना दिलेली रोझा पार्क्स, मार्टिन ल्यूथर किंग ही चळवळीतली नावं काढली, तर साडेचार तासांचा तुटक ट्रम्पेट उरतो. या संग्रहावरच्या माझ्या लेखात इतिहास जास्त आणि संगीत कमी आलं, हे मान्य. म्हणून आधी ट्रम्पेटबद्दलच बोलतो.

तुम्हाला जे तुटक वाटलं, ती स्मिथ यांची विचारपूर्वक घडवलेली रीत आहे. १९७० च्या दशकापासून ते मांडत आले आहेत की वाजलेल्या नादाला त्याच्याच मापाची शांतता जोडलेली असते. ती शांतता म्हणजे विसावा नव्हे, तीही वाजवायचीच. एक लांब स्वर येतो, कडेला किंचित चिरतो, थांबतो. त्या मोकळ्या जागेत अँथनी डेव्हिस यांचा पियानो किंवा जॉन लिंडबर्ग यांचा बास हलकेच शिरतो. ठेका शोधत बसलं की नेमकं हेच निसटतं. आलाप चालू असताना आपण तबल्याची वाट बघत नाही, तसं ऐकून बघा.

आता विषयाबद्दल. यातली नागरी हक्क चळवळीतले नेते मेडगर एव्हर्स यांच्यावरची रचना १९७७ सालची आहे. एकूण एकोणीस रचना तीसहून अधिक वर्षांत साठत गेल्या. स्मिथ मिसिसिपी राज्याच्या डेल्टा भागातल्या लीलँडचे, जन्म १९४१. एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाचा जन्मही त्याच वर्षीचा. १९५५ मध्ये त्याच डेल्टा मुलखात चौदा वर्षांच्या त्या मुलाला वर्णद्वेषातून मारलं गेलं. त्याच मुलखातून आलेल्या स्मिथ यांनी विषय बाहेरून आणून चिकटवला, हे मला पटत नाही.

अमेरिकेतल्या पुलित्झर संगीत पारितोषिकाचं म्हणाल, तर २०१३ मध्ये हे काम अंतिम यादीत होतं, पारितोषिक संगीतकार कॅरोलाइन शॉ यांना मिळालं. नुसत्या विषयावर भाळणारे परीक्षक अंतिम यादीवर थांबले नसते, पारितोषिकच दिलं असतं.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यावरची रचना मात्र या मालिकेत मलाही उपरी वाटते. चेंबर वाद्यवृंदाचे (मोजक्या वादकांच्या छोट्या वाद्यवृंदाचे) काही भाग जड होतात, हेही खरं.

चारही सीडी एका बैठकीत ऐकू नका. घरातल्या कुणाला तरी एखादी रचना लावायला सांगा, नाव विचारू नका. नावाशिवाय काय ऐकू आलं, ते मला नक्की लिहा.