खुलासा: गारठल्यावर ब्रँडी ऊब देत नाही
"डोंगरात भिजून कुडकुडायला लागलात तर ब्रँडीचे दोन घोट घ्या. आणि तापमान शून्याच्या वर असेल तर हायपोथर्मियाची भीती नाही," असा मेसेज ट्रेकर्सच्या ग्रुपवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि जिवावर बेतू शकतात.

दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आतली उष्णता त्याच वाटेने बाहेर जात असते.

हायपोथर्मिया म्हणजे शरीराचं आतलं तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली जाणं. त्याला बर्फच लागतो असं नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून घेतं. ओला सुती शर्ट आणि जोराचा वारा एकत्र आले की 10 अंशांतही माणूस गारठतो. एका धारेवर मी हे जवळून पाहिलंय. सोबत्याला जॅकेटची चेन लावता येईना, जीभ जड झाली, तरी तो "मी ठीक आहे" म्हणत राहिला.

अशा वेळी आडोशाला न्या, ओले कपडे बदला, अंगाखाली मॅट घाला, डोकं झाका. नीट शुद्धीत असेल तर गोड, कोमट पेय द्या. हातपाय चोळू नका. माणूस गोंधळलेला असताना कुडकुडणं थांबलं, तर ते बरं वाटल्याचं लक्षण मुळीच नाही. ताबडतोब मदत बोलवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.