प्लेट घातल्याने मनगट ‘लोखंडी’ होत नाही

मनगटाचे हाड मोडलेल्या माणसाच्या घरी हमखास पोहोचणारा एक मजकूर गेले काही महिने मलाही पुन्हा पुन्हा येत आहे. प्लास्टर हा कालबाह्य, कुचकामी उपाय आहे, प्लेट घातली की मनगट पूर्वीपेक्षा पक्के होते व दुसऱ्या दिवसापासून हवे ते काम करता येते, स्क्रू जितके लांब तितकी पकड चांगली आणि वर्षभरात प्लेट काढलीच पाहिजे, नाहीतर एमआरआय करता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. मी अस्थिशल्यचिकित्सक असून अशा प्लेट नेहमी बसवतो, त्यामुळे माझा आक्षेप प्लेटला नाही. या मजकुरावर विसंबून रुग्ण आपला हात बिघडवून घेतात, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

‘पूर्वीपेक्षा पक्के’ या दाव्यापासून सुरुवात करू. पडताना हात टेकला की बहुधा अंगठ्याच्या बाजूचे रेडियस हे हाड मनगटाजवळ मोडते, त्याचा खालचा तुकडा हाताच्या पाठीकडे झुकतो आणि त्या बाजूचे भुसभुशीत हाड चुरडून तिथे पोकळी राहते. जुन्या साध्या प्लेटमध्ये स्क्रू प्लेटला हाडावर दाबून धरत आणि सारी स्थिरता त्या दाबातून येणाऱ्या घर्षणावर अवलंबून असे, त्यामुळे ठिसूळ हाडात स्क्रू सैल झाला की प्लेटही सैल होई. २००० सालच्या सुमारास रूढ होऊ लागलेल्या लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात. ते प्लेटच्या भोकातील आट्यांत घट्ट बसतात आणि स्क्रू व प्लेट मिळून एकच सांगाडा तयार होतो. भिंतीत ठोकलेल्या खुंट्यांच्या रांगेवर फळी टेकावी, तसा सांध्याचा पृष्ठभाग या स्क्रूंवर टेकतो. म्हणूनच हाड मागच्या बाजूने चुरडलेले असतानाही तळहाताच्या बाजूने बसवलेली प्लेट त्याला सावरू शकते.

परंतु हा सांगाडा हाड जुळेपर्यंतचा आधार आहे. तोवर भार सांध्यातून स्क्रूंवर, स्क्रूंतून प्लेटवर आणि प्लेटमधून वरच्या धडधाकट हाडात जातो. वारंवार भार पडला तर कोणताही धातू थकतो. मात्र मनगटात बहुतेक वेळा धातूच्या आधी हाडच हार मानते.

त्यामुळे ‘दुसऱ्या दिवसापासून हवे ते काम’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. बोटे पहिल्या दिवसापासून हलवलीच पाहिजेत, हे खरे आहे, आणि चांगल्या बसलेल्या प्लेटला तेवढा भार सहज पेलतो. मुठीच्या जोराचा हिशोब मात्र वेगळा आहे. मृत व्यक्तींच्या हातांवर केलेल्या मोजमापांनुसार मुठीच्या प्रत्येक १० न्यूटन जोरामागे रेडियसच्या त्या भागातून सुमारे २६ न्यूटन बल जाते. म्हणजे २०० न्यूटन जोराने, साधारण वीस किलोच्या पकडीने, ओली चादर पिळली तर मोडलेल्या जागेवर ५०० न्यूटनांहून अधिक, म्हणजे पन्नासेक किलो वजनाइतका भार येतो. माझ्या एका रुग्ण बाईंनी तिसऱ्या आठवड्यात नेमके हेच केले. “डॉक्टर, आत प्लेट आहे ना, मग काय होणार?” असे त्यांनी मला विचारले. एक्स-रेमध्ये प्लेट जागच्या जागी होती, एकही स्क्रू तिच्यातून सुटलेला नव्हता. पण विरळ झालेले हाड स्क्रूंवर खाली खचले होते आणि एका स्क्रूचे टोक सांध्यात डोकावत होते.

लांब स्क्रूंचा दावा यांत्रिकदृष्ट्याही चुकीचा आहे. प्रयोगशाळेतील चाचण्यांत सांध्याजवळचे स्क्रू हाडाच्या जाडीच्या ७५ टक्के लांबीचे असले, तरी बांधणीचा ताठपणा पूर्ण लांबीच्या स्क्रूंइतकाच आढळला. ते सांध्याच्या पृष्ठभागाला अगदी लागून खाली बसले आहेत की नाहीत, याला कितीतरी अधिक महत्त्व आहे. उलट लांब स्क्रूचे हाडामागे बाहेर आलेले टोक अंगठा उचलणारे टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी, घासून तोडू शकते. हाडाच्या मागील उंचवट्यामुळे असे टोक साध्या एक्स-रेत लपते, म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावरच हात तिरका धरून सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली ते पुन्हा पाहावे लागते.

प्लास्टरला कुचकामी ठरवणाऱ्यांनी ब्रिटनमधील दोन मोठ्या चाचण्या पाहाव्यात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४६१ रुग्ण होते. शस्त्रक्रिया आवश्यक वाटलेले, पण बाहेरून ओढून बसवता येण्याजोगे अस्थिभंग पातळ तारांनी धरले काय किंवा लॉकिंग प्लेटने धरले काय, वर्षअखेर मनगटाच्या कार्यक्षमतेत लक्षणीय फरक दिसला नाही. २०२२ सालच्या चाचणीत ५०० रुग्णांमध्ये तारा आणि नीट घडवलेले प्लास्टर यांची तुलना झाली आणि वर्षअखेरचा निष्कर्ष तसाच आला. मात्र प्लास्टरमधील सुमारे १३ टक्के रुग्णांचे हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकल्याने त्यांना शस्त्रक्रिया करावी लागली, आणि प्लास्टर घातल्यावर आठवड्याने एक्स-रे काढण्याचा आग्रह आम्ही धरतो तो याचसाठी. सांध्याचा पृष्ठभाग फुटून पायरी पडली असेल किंवा तुकडा तळहाताकडे सरकला असेल, तर मी स्वतःच प्लेटचा सल्ला देतो.

राहिला प्लेट काढण्याचा प्रश्न. प्लेटचे टायटॅनियम चुंबकाकडे ओढले जात नाही. एमआरआय करता येतो, फक्त प्लेटभोवतीचे चित्र अस्पष्ट येते आणि तपासणीपूर्वी तिथल्या तंत्रज्ञांना प्लेटची कल्पना द्यावी लागते. त्रास नसताना प्लेट काढण्याची गरज नाही. परंतु अंगठा वाकवताना मनगटाच्या पुढच्या बाजूला करकर जाणवू लागली किंवा तिथे दुखू लागले, तर प्लेटची पुढे आलेली कड टेंडनला घासत असण्याची शक्यता असते. अशा वेळी वर्षाची वाट न पाहता दाखवायला यावे, कारण तुटण्यापूर्वी प्लेट काढली तर ते टेंडन वाचू शकते.