इव्हान टॅनर मरायला गेला नव्हता

अमेरिकन फायटर इव्हान टॅनर 'मृत्यूच्या शोधात' वाळवंटात गेला, हे तुमच्या त्याच्यावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. 2008च्या ऑगस्टमध्ये त्यानं स्वतःच ब्लॉगवर, तो वाळवंटात मरेल अशा बातम्यांची खिल्ली उडवली होती. दक्षिण कॅलिफोर्नियातले लोक सर्रास वाळवंटात फिरायला जातात, उगाच बाऊ करू नका, असा त्याचा सूर होता. सप्टेंबरमध्ये तिथल्याच पालो व्हर्डे भागात, त्याच्या मुक्कामाच्या तळापासून काही मैलांवर त्याचा मृतदेह सापडला. वय 37. पारा 45च्या वर आणि अंगावर ऊन, एवढंच कारण. त्यात गूढ कसलं?

मी एकदा एप्रिलमध्ये गडावर गेलो होतो. वरच्या टाक्यात पाणी असेल या भरवशावर दोनच बाटल्या घेतल्या. टाकं कोरडं. उतरताना तासाभरात डोकं चालेनासं झालं, ओळखीची वाट चुकलो. मरायची हौस मलाही नव्हती, हिशेब चुकला होता. (गुराखी भेटला म्हणून वाचलो.)

बाकी, व्हिडिओ पाहून डाव शिकलेला हा माणूस 2005 साली यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेत मिडलवेट गटाचा विजेता झाला, ते तुम्ही एका ओळीत उरकलंत. लिहायचं तर त्यावर लिहा की!