नाव घ्यायचं नाही

दिवाळीला पुण्याचे भाऊजी आले की घरात खेळ नवा येतो, भांडण जुनंच राहतं. यंदा त्यांनी टॅबू आणला. १९८९ साली अमेरिकेत निघालेला खेळ. पत्ता उचलायचा, वरचा शब्द आपल्या गटाकडून वदवून घ्यायचा, पण खाली दिलेले पाच शब्द तोंडातून काढायचे नाहीत. वेळ एक मिनिट, तीही वाळूच्या घड्याळाची. समोरच्या गटातला एक जण उरावर उभा राहून पाहणार आणि चुकलात की भोंगा वाजवणार. इंग्रजी पत्ते ओसरीवर चालणार नव्हते, म्हणून ताईने मराठी लिहून काढले. भोंगा पोरांनी पहिल्याच दिवशी वाजवून वाजवून मारला, त्याच्या जागी ताट-चमचा आला. ताट हाती आलं की भल्या माणसाच्याही अंगात येतं.

पाच शब्दांचं कुंपण शहरात टिकत असेल. गावात कुठे टिकणार? इथे प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी भानगडीला बांधलेली. ‘कापूस’खाली ताईने पांढरा, बोंड, सरकी, वेचणी, गाठी असा कडेकोट बंदोबस्त केला होता. संजू उठला आणि म्हणाला, “ज्याच्यापायी बापूकाकानं काकूच्या पाटल्या गहाण टाकल्या, थे!”

“कापूस!” अख्खी ओसरी ओरडली. काकू सोडून.

“कवा टाकल्या?” काकूनं विचारलं.

पुढचा पत्ता उघडायला बराच वेळ लागला. बापूकाका बैलांना पाणी पाजायला म्हणून गेले ते जेवणालाच परतले.

बाबांनी तर “२०१७ची पाहुणी” एवढंच म्हटलं आणि बोंडअळीचा गुण घेतला. त्या साली तिने कापूस खाल्ला होता, त्यावर कोणी हसलं नाही. भाऊजी मात्र नियमाने खेळत होते. ‘तूर’ आली तेव्हा म्हणाले, “खरीप हंगामातलं, प्रथिनयुक्त द्विदल.” त्यांचा गट गप्प. शेवटी कोणीतरी भीत भीत “सोयाबीन?” म्हणालं. आई आमच्या गटात असूनही पदराआडून त्यांच्या पोरांना उत्तरं पुरवत होती. मी हटकलं तर मलाच म्हणाली, “जवायाले हरवाचं असते का रे?”

मग माझ्या हाती ‘वसंत’ आला. ऋतू, कोकिळा, चैत्र, पालवी, मोहोर बंद. मी आजीकडे वळलो. “आजी, हिवाळा गेल्यावर येतो. आपल्याकडे आला कधी न् गेला कधी, कळतच नाही.”

आजीला कळलं. ती लाजली. तिने आतल्या खोलीकडे बोट केलं, जिथे आबा घोरत होते. साठेक वर्षं संसार झाला, पण “अहो” आणि “आयकलं का” यापलीकडे तिने त्यांना हाक मारलेली नाही. बिनापत्त्यांचा टॅबू ती लग्नापासून खेळतेय.

“खुणा चालणार नाहीत,” भाऊजी ताट सरसावत म्हणाले.

“उखाण्यात घे ना आजी!” संजू कळवळला. वाळू झरत होती. आजीने आधी पदर नीट केला, मग घसा साफ केला.

“रोडगे थापता थापता मिळाली नाही उसंत,
खाटेवरून हुकूम सोडतात…”

आणि थांबली. शेवटचा कण पडला. भाऊजींनी ताट बडवलं. त्या आवाजाने आतून आबा दचकून ओरडले, “कोन हाय? मी वसंत हावो, वसंत!”

आम्ही गुण मागितला. भाऊजी म्हणाले, आबा कोणत्याच गटात नाहीत. वाद इतका पेटला की शेजारचे विचारायला आले, वाटणी सुरू आहे का. तोवर आईने तो गुण जवायाच्या नावावर लिहूनही टाकला होता.