सलोख्याच्या बैठकीत हवालदारालाही बोलावा

गणेशोत्सव आणि ईद-ए-मिलाद जवळ आले, की गावोगावच्या पोलीस ठाण्यांत शांतता समितीची बैठक भरते. समोरच्या रांगेत पोलीस उपअधीक्षक, प्रांत, तहसीलदार आणि मुख्याधिकारी असतात, तर त्यांच्यासमोर मंडळांचे अध्यक्ष आणि मशिदीचे विश्वस्त बसतात. विसर्जन मार्गावरचे खड्डे, लोंबणाऱ्या वीजतारा, डीजे किती वाजता बंद करायचा, यावर बोलणे होते, चहा होतो आणि छायाचित्र निघते. या सगळ्या वेळात त्या भागाची रोजची गस्त सांभाळणारा पोलीस, म्हणजे बीट अंमलदार, दाराशी उभा असतो. मागच्या वर्षी मिरवणूक नेमकी कोणत्या चौकात रेंगाळली आणि कोणाच्या समजुतीने पुढे सरकली, हे त्यालाच पक्के ठाऊक असते, पण त्याला कोणी विचारत नाही.

मंत्रालयातही वेगळे घडत नाही. पोलीस आणि समाज यांच्या संबंधांवर शासन जेव्हा पोलिसांचे म्हणणे ऐकते, तेव्हा ते वरिष्ठ अधिकाऱ्यांचे म्हणणे असते. शिपाई आणि हवालदारांच्या वतीने बोलणारी मान्यताप्राप्त संघटना महाराष्ट्रात नाही. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटना स्थापण्याच्या हक्कावर निर्बंध घातले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांचा उद्रेक झाल्यावर त्यांच्या संघटनेची मान्यताही काढून घेण्यात आली. शिस्तीच्या दलात संप नसावा, हे मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र संपाचा हक्क नाकारताना सल्ला देण्याचा मार्गही बंद का व्हावा, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

भिवंडीचे उदाहरण येथे फार मोलाचे आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या यंत्रमागांच्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि त्यांत नेहमीच्या पुढाऱ्यांपेक्षा दोन्ही समाजांतल्या साध्या माणसांना स्थान दिले. ती माणसे आणि पोलीस तणाव नसतानाही नियमित एकत्र बसू लागले, एकमेकांना नावाने ओळखू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत दंगलींत ९०० माणसे मारली गेली, असे त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले आहे. त्या काळात भिवंडी शांत राहिली. मुंबईतली मोहल्ला कमिटी चळवळ त्यानंतर, १९९४ मध्ये सुरू झाली.

खालच्या माणसाचे ऐकल्याने काय होते, याचा अलीकडचा दाखला मुंबईतल्या देवनार पोलीस ठाण्याचा आहे. आठ तासांच्या ड्युटीची योजना तिथल्या एका शिपायाने सुचवली आणि मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी २०१६ मध्ये ती प्रत्यक्षात आणली. सलग बंदोबस्ताने पाय सुजलेला, झोप न झालेला माणूस चौकात नागरिकांशी कसा बोलेल, हा समाजसंबंधांचाच प्रश्न आहे, आणि तो मांडायला त्या शिपायाहून अधिक हक्काचा माणूस कोण असणार?

म्हणून माझी मागणी अशी आहे, की जिल्हा पातळीवरच्या अशा प्रत्येक बैठकीत शिपाई व हवालदारांनी स्वतः निवडलेले प्रतिनिधी असावेत आणि त्यांत महिला कर्मचारीही असाव्यात. त्यांचे म्हणणे इतिवृत्तात स्वतंत्रपणे नोंदवले जावे आणि ते मांडल्याबद्दल कोणाची बदली वा चौकशी होणार नाही, असे परिपत्रक गृह विभागाने काढावे.