दहा नावं मागितली होती, ती घ्या

लातूर, नांदेड, परभणीकडच्या छपाईवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला, त्यातला एक माझ्या सख्ख्या भाच्यानं पाठवलेला. मेसेज थोडक्यात असा: ग्राफिक डिझाइन हे बायकांचं क्षेत्र नव्हे. जगातली मोठी बोधचिन्हं पुरुषांनी केली. मुलींना रंग भरता येतात, तांत्रिक काम झेपत नाही. कोर्स करतात, लग्न झालं की सोडतात. कामाला स्त्री-पुरुष नसतं, चांगलं काम केलं की नाव आपोआप होतं, मग ‘महिला डिझायनर’ म्हणून वेगळा गौरव कशाला? पटत नसेल तर दहा बायकांची नावं सांगून दाखवा.

मी अठरा वर्षं हेच काम करते. आधी लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एका दुकानात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं काम केलं, मग घरीच मशीन घेतलं. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, शाळांच्या स्मरणिका, डाळमिलच्या पोत्यांवरचे छाप, सगळं केलं. म्हणून या मेसेजला उत्तर देणं मला माझं काम वाटतं.

बोधचिन्हांपासून सुरू करू. नायकेच्या बुटावरची बरोबरच्या खुणेसारखी रेघ आपल्या आठवडी बाजारातल्या नकली बुटांवरही असते. ती १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीनं काढली. ती अमेरिकेत पोर्टलंडला शिकत होती, तासाला दोन डॉलर लावायची, साडेसतरा तासांचे तिला ३५ डॉलर मिळाले. कंपनीनं अंगठी आणि शेअर देऊन तिचा मान केला तो १९८३ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. ‘दोन तासांचं तर काम आहे ताई, एवढे पैसे कशाचे?’ हे वाक्य ऐकलेली प्रत्येक बाई हा हिशेब लगेच समजेल. सिटी बँकेचं बोधचिन्ह १९९८ मध्ये पॉला शेर हिनं केलं. ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाट्या जॉक किनीअर आणि मार्गारेट कॅलव्हर्ट या दोघांनी मिळून घडवल्या. शाळेजवळच्या पाटीवर मुलगी लहान मुलाचा हात धरून पुढं चालली आहे, ती आकृती कॅलव्हर्टनं स्वतःच्या लहानपणावरून काढली. आपल्या देशात सुजाता केशवन यांनी १९८९ मध्ये बंगळुरूत रे अँड केशवन ही डिझाइन कंपनी उभी केली.

आता ‘तांत्रिक झेपत नाही’ हे घेते, कारण मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य हेच.

कॉम्प्युटरच्या पडद्यावरची कचऱ्याची टोपली, हसणारं मशीन, बिघाड झाला की दिसणारा बॉम्ब ही चित्रं १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर हिनं काढली. एका चित्राला जागा किती? ३२ बाय ३२ चौकटी. प्रत्येक चौकट काळी किंवा पांढरी, तिसरा पर्याय नाही. ती आलेखाच्या कागदावर चौकटी भरत बसायची, आणि हे काम भरतकाम नि मोझेइकच्या जवळचं आहे असं तिनंच सांगितलं आहे. हे वाचलं तेव्हा मला पैठण आठवलं. मागावर बसलेली बाई कागदावरचा मोर धाग्यांच्या मोजणीत उतरवते, एक धागा चुकला तर मोराची मान वाकडी होते. आमच्याकडच्या तांड्यावरची बंजारा बाई धागे मोजूनच टाका घालते. मोजून, नियमात बसवून चित्र करायची ही अक्कल मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातात आहे. आपण तिला ‘तांत्रिक’ म्हटलं नाही, इतकंच.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेची उभ्या पट्ट्यांची खूण म्युरियल कूपरची. पुढं १९७० च्या दशकात तिनं तिथंच अक्षरं आणि कॉम्प्युटर यांचा मेळ घालणारी प्रयोगशाळा सुरू केली. पण इतकं लांब कशाला जायचं? आपली देवनागरीच घ्या. इंग्रजीचा टंक, म्हणजे फॉन्ट, सव्वीस अक्षरांच्या लहान-मोठ्या जोड्या, आकडे आणि चिन्हं एवढ्यावर उभा राहतो. देवनागरीला जोडाक्षरं धरून शेकडो आकार काढावे लागतात, वेलांटी किती लांब जाईल ते शेजारच्या अक्षराच्या रुंदीवर ठरतं, आणि मराठीला तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे दिसायलाच हवेत. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ज्यानं पत्रिकेत ‘ऱ्या’ फुटलेला पाहिलाय आणि रात्री अकरा वाजता तो हातानं जोडलाय, त्याला या कामाचं मोल माहीत आहे. फिओना रॉस यांनी १९७८ पासून लायनोटाइप या छपाईची यंत्रं आणि टंक बनवणाऱ्या कंपनीत भारतीय लिप्यांच्या टंकांवर काम केलं, पुढं अ‍ॅडोबी देवनागरी या टंकातही त्यांचा हात आहे. मराठी संकेतस्थळांवर वापरला जाणारा ‘हिंद’ हा टंक मानुषी पारीख यांचा. हस्ताक्षरासारखा ‘कलम’ लिपी रावल यांनी जॉनी पिनहॉर्न यांच्यासोबत केला. जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांवरून घडवलेल्या ‘जैनी’ टंकात गिरीश दळवी यांच्या बरोबरीनं मैथिली शिंगरे आहेत. यातले बरेच टंक फुकट मिळतात. मेसेज पुढं ढकलणाऱ्यांपैकी कितीतरी जण आपल्या फ्लेक्सवर तेच लावत असतील.

आणखी एक. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षेला तुमच्या तालुक्याच्या केंद्रावर जाऊन बसा. तिथले संकल्पचित्र आणि अक्षरलेखन, हे दोन्ही विषय ग्राफिक डिझाइनचेच धडे आहेत. तिथं मुली किती आहेत ते डोळ्यांनी बघा आणि मग ‘मुलींचं क्षेत्र नाही’ म्हणा.

लग्नानंतर सोडतात, हे वाक्य अर्धं खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. माझ्यासोबत कोर्स केलेल्यांपैकी पुष्कळ जणी आज दुकानात दिसत नाहीत. पण का, ते विचारा. लग्नसराईत आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दुकान रात्री दोनपर्यंत चालतं. गल्लीत बाईला जायला स्वच्छतागृह नसतं. आणि २०१९ च्या सरकारी वेळवापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामात बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं. पुरुषांची ९७. दोन्ही सरासऱ्या ते काम करणाऱ्यांच्याच. या मिनिटांतून वेळ काढूनच ती फाइल पूर्ण होते. शिवाय सोडलं असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा काम नुसतं घरी गेलेलं असतं. फोटो कट करणं, मजकूर बसवणं, मुद्रितं तपासणं सगळं ती करते. सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन नवरा किंवा दीर दुकानात जातो. गिऱ्हाईक त्याला डिझायनर म्हणतं.

म्हणून ‘चांगलं काम केलं की नाव आपोआप होतं’ हे मला मान्य नाही. मेसेजमधलं हे सगळ्यात सभ्य वाक्य आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. माझ्यावर बेतलेलं सांगते. दुकानात असताना मी एका स्मरणिकेचं मुखपृष्ठ केलं होतं, तीन आठवडे खपून. ते लोकांना आवडलं, सत्कार ठरला, शाल-श्रीफळ मालकाला मिळालं. मी मागच्या रांगेत बसले होते. मालक वाईट माणूस नव्हता. स्मरणिकेत कुठंच माझं नाव नव्हतं, छापलं होतं ते दुकानाचं. मग लोकांनी दुकानाच्या धन्याला शाल घातली, यात नवल काय? काम चांगलं होतं, ते बोललंही, फक्त माझं नाव सांगायची सोय त्यात नव्हती.

मोठ्या माणसांतही हेच झालंय. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये सुरू झाली, तिच्यामागं १९५८ चा ‘इंडिया रिपोर्ट’ होता. तो चार्ल्स आणि रे ईम्स या दोघा अमेरिकी डिझायनरांचा. ‘रे’ वाचून पुष्कळांना तो भाऊ वाटतो. ती चार्ल्सची बायको, आणि कामातली बरोबरीची भागीदार. त्याच संस्थेच्या उभारणीत गौतम साराभाईंच्या जोडीला त्यांची बहीण गिरा साराभाई होत्या. किती जणांना हे नाव शाळेत सांगितलं?

वेगळा गौरव म्हणजे उपकार, हा आक्षेप यातच निकालात निघतो. नाव गाळलं गेलं असेल तर ते परत लिहावं लागतं, त्यात दया नाही. मराठी छपाईत याची चाल आधीपासून आहे. चांगल्या पुस्तकाच्या आतल्या पानावर मुखपृष्ठ कुणाचं, अक्षरजुळणी कुणाची हे छापलेलं असतं. दिवाळी अंकातही असतं. मग लग्नपत्रिकेच्या मागं ‘मुद्रक’ लिहिताना ‘मांडणी’ का लिहायची नाही? फ्लेक्सच्या कोपऱ्यात दुकानाचा नंबर मावतो, तिथं ज्या बाईनं तो केला तिचं नाव मावतंच की. स्पर्धेच्या प्रवेशपत्रिकेवर, कॉलेजच्या प्रदर्शनात, पोत्याच्या छापाच्या बिलावर, जिथं जिथं कागद आहे तिथं ते लिहा. पुरुषाचंही लिहा. पण बाईचं आधी सुरू करा, कारण तिचंच जास्त गळतं.

दहा नावं मागितली होती. वर मोजून बघा, बारा झाली.

तेरावं नाव मला लातूरचं लिहायचं होतं. या कामातल्या चौघींना फोन केला आणि विचारलं, तुमचं नाव टाकू का? एक म्हणाली, घरी विचारून सांगते. दुसरी म्हणाली, दुकान ह्यांच्या नावावर आहे, नको. तिसरीनं फोन उचलला नाही, नंतर मेसेज आला, ‘काम चालू हाय, लग्नाचं अर्जंट हाय.’ चौथी थोडी थांबली आणि म्हणाली, “अक्का, तुम्ही लिहू नका. पुढच्या पत्रिकेवर मीच टाकायलेय.”