अलार्म थोडा आधीचा लावा
मांसाचं आतलं तापमान फोनवर दाखवणाऱ्या वायरलेस थर्मामीटरवरच्या लेखात 'अलार्म वाजला की मांस बाहेर काढा' एवढंच लिहिलंय, पण अलार्म किती तापमानावर लावायचा तेच तर खरं महत्त्वाचं आहे ना! मोठा रोस्ट ओव्हनमधून काढल्यावरही आतून शिजतच राहतो, तापमान अजून 3-5 डिग्री तरी चढतं, त्यामुळे 63 सेल्सिअस हवं असेल तर 59-60 लाच काढा आणि वर फॉइल टाकून ठेवा, प्रोब (थर्मामीटरची मांसात खुपसायची सळई) आतच राहू दे म्हणजे आकडा चढताना फोनवर दिसतो. चिकनला मात्र रिस्क नको, सगळ्यात जाड भागात 74 दिसलंच पाहिजे. आणि प्लीज प्रोब हाडाला टेकवू नका, रीडिंग चुकतं. दांड्यावर जी खूण असते तिथपर्यंत तो आत गेलाच पाहिजे, कारण बॅटरी नि सर्किट त्याच भागात असतं, मांसात असेल तोवरच ते वाचतं, ग्रिलच्या उघड्या आचेत राहिलं तर प्रोब कायमचा गेला समजा. ग्रिलचं धातूचं झाकण लावलं की ब्लूटूथची रेंज पण खूप कमी होते, फोन जवळच ठेवा.